गेलेलं जनावर परत आणता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, बेळगाव, निपाणी, कधी चिक्कोडी-अथणीपर्यंत शाळांमधून आणि गणेशोत्सव मंडळांतून मी नामशेष प्राण्यांवरचा स्लाइड शो घेऊन जातो. पूर्वी पहिला प्रश्न ठरलेला असायचा, ‘सर, वाघ किती उरले?’ हल्ली पहिला हात वर होतो तो अमेरिकेत प्रयोगशाळेतून ‘परत आणलेल्या’ पांढऱ्या लांडग्यासाठी. तेच तेच प्रश्न सगळीकडं येतात, म्हणून उत्तरं इथं लिहून ठेवतोय. क्रम साधारण विचारणाऱ्यांचाच ठेवलाय, त्यामुळं थोडा इकडं तिकडं आहे.

नामशेष म्हणजे नेमकं काय? ‘आमच्याकडं दिसत नाही’ म्हणजे नामशेष झालं का?

नाही. जगात त्या जातीचा शेवटचा जीव मेला की ती जात नामशेष. मॉरिशसचा डोडो १६६२ नंतर कुणी खात्रीनं पाहिला नाही, तो नामशेष. रानात एकही नाही पण पिंजऱ्यात आहेत, अशी आणखी एक अवस्था असते. आणि तिसरी, आपल्याला रोज भेटणारी: एका मुलखातून गेला, दुसरीकडं आहे. राजस्थानातल्या सारिस्का अभयारण्यातून २००४-०५ पर्यंत सगळे वाघ संपले होते, पण वाघ ही जात संपली नव्हती. २००८ मध्ये रणथंभोरचे वाघ तिथं नेऊन सोडले आणि सारिस्काला पुन्हा वाघ आले. ‘परत आणणं’ या शब्दाचा सर्वांत साधा आणि सर्वांत यशस्वी अर्थ हाच आहे. यात प्रयोगशाळा लागत नाही. शिकार थांबवावी लागते, आणि ते जास्त अवघड आहे.

आपल्याकडं चित्ता होता का? मध्यंतरी बेळगावात गोल्फ मैदानावर आला होता की!

तो बिबट्या होता ओ. ऑगस्ट २०२२ मध्ये जाधवनगरात एका मजुरावर झडप घालून तो गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आजूबाजूच्या शाळा बंद ठेवल्या, शोधायला शिवमोग्ग्याकडच्या सक्रेबैल कॅम्पातून हत्ती आणले, सगळं झालं आणि गडी सापडलाच नाही. या गोंधळात आपल्या दोन भाषांचाही हात आहे. कन्नडात बिबट्याला ‘चिरते’ म्हणतात. बसमध्ये कुणी ‘चिरते बंतु’ म्हणालं की मराठी कान ‘चित्ता आला’ ऐकतो, आणि संध्याकाळपर्यंत शहापूर-वडगावात चित्ता फिरत असतो.

ओळखायला सोपं आहे. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडाच्या कडेपर्यंत काळी रेघ उतरते, जणू काजळ ओघळलंय. अंगावरचे ठिपके भरीव असतात. बिबट्याच्या अंगावर पाकळ्यांची कडी असतात. आणि चित्ता उसात, झाडीत दडून राहणारा नव्हे. त्याला धावायला उघडा माळ लागतो.

आपला मुलूख चित्त्याला अनोळखी मात्र नव्हता. कोल्हापूर दरबारी शिकारीसाठी चित्ते पाळत. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. डोळ्यांवर टोपी चढवून चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची. पण भारतीय चित्ता तोवर इतका कमी झाला होता की १९१८ ते १९४५ या काळात संस्थानिकांनी किमान २०० चित्ते आफ्रिकेतून आणवले. कोल्हापूरच्या जुन्या फोटोंतले पुष्कळसे चित्ते आफ्रिकेचे असण्याची शक्यता मोठी आहे.

चित्ता संपण्याचं एक कारण इथंच आहे. अकबराच्या पदरी एका वेळी हजार चित्ते होते म्हणतात, पण पाळलेल्या चित्तिणीला पिल्लं झाल्याची त्या काळातली एकच नोंद आहे, जहांगीरच्या वेळची, १६१३ ची. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला. शतकानुशतकं नुसता उपसा, भर काहीच नाही. त्यात माळ नांगराखाली गेला, काळवीट कमी झालं. १९४७ मध्ये कोरिया संस्थानच्या राजानं (आजच्या छत्तीसगडात) तीन चित्ते मारले, त्यानंतर खात्रीची नोंद जवळपास नाहीच. १९५२ मध्ये भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं.

मग मध्य प्रदेशात कुनोत सोडलेले चित्ते म्हणजे आपला चित्ता परत आला असं म्हणायचं का?

जात तीच, घराणं वेगळं. आपला आशियाई चित्ता आता फक्त इराणात आहे आणि तिथंही मोजकाच. कुनोत १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते आले, ते आफ्रिकी. बरेच मेलेही. पण मार्च २०२३ मध्ये इथंच जन्मलेल्या मुखी नावाच्या मादीला नोव्हेंबर २०२५ मध्ये पिल्लं झाली. ही बातमी मला चित्ते विमानातून उतरल्याच्या बातमीपेक्षा मोठी वाटते. विमानातून कुणालाही आणता येतं. पण इथल्या उन्हात वाढून, इथलं हरीण मारून, इथं व्यायली, त्याला मी ‘आला’ म्हणेन. टिकला की नाही, हे वीस-पंचवीस वर्षांनी विचारा.

तो अमेरिकेतला लांडगा खरंच दहा हजार वर्षांपूर्वीचा आहे का?

हा प्रश्न हल्ली सातवीतला पोरगाही विचारतो आणि निवृत्त तलाठीही. थोडं सविस्तर सांगतो.

डायर वुल्फ हा मोठ्या हाडापेराचा लांडगा अमेरिकेत होता, हिमयुगाच्या शेवटी संपला. कोलोसल नावाच्या अमेरिकन कंपनीनं त्याच्या १३ हजार वर्षांपूर्वीच्या एका दातातून आणि ७२ हजार वर्षांपूर्वीच्या एका कवटीतून डीएनए मिळवला. हा डीएनए म्हणजे उधईनं खाल्लेली बखर. तुकडे असतात, जोडून वाचता येतात, पण त्या बखरीतून थेट जीव उभा करता येत नाही. म्हणून त्यांनी आज जिवंत असलेल्या राखाडी लांडग्याच्या रक्तातल्या पेशी घेतल्या आणि त्यांच्या जनुकांत २० ठिकाणी दुरुस्त्या केल्या: आकार, केस, पांढरा रंग. मग त्या पेशीचं केंद्रक कुत्रीच्या बीजांडात घालून भ्रूण कुत्रीच्याच पोटात वाढवला. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन नर पिल्लं झाली, पुढं जानेवारीत एक मादी. एप्रिल २०२५ मध्ये जगाला सांगितलं की डायर वुल्फ परत आला.

लांडग्याच्या जनुकसंचात दोनशे कोटींहून जास्त अक्षरं असतात. त्यात २० ठिकाणी बदल. आपल्या दारातल्या गावठी कोंबड्याला शेपटीत चार मोरपिसं खोचली तर तो मोर होईल का? ही तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण त्यांचे बदल पिढीजात आहेत आणि काम खरोखर अवघड होतं. पण कंपनीच्याच मुख्य शास्त्रज्ञ बेथ शापिरो यांनी नंतर मान्य केलं की हे वीस बदल केलेले राखाडी लांडगेच आहेत.

मला त्यातली खटकणारी गोष्ट वेगळी आहे. लांडगा हा पिल्लू असताना आईबापांकडून, टोळीकडून शिकतो. कुठं पाणी, कुणाची शिकार कशी, माणसापासून किती लांब. या पिल्लांना डायर वुल्फची टोळी कुठून आणणार? त्यांना शिकवणारा शेवटचा गुरू दहा हजार वर्षांपूर्वी मेलाय. ती मोठ्या कुंपणात राहतात आणि आयतं मांस खातात.

क्लोनिंग म्हणजे काय? आमच्या गाईला डॉक्टर इंजेक्शन करतात त्यातलाच प्रकार का?

चुलत भाऊ म्हणा. गाय माजावर आली की डॉक्टर टाकीतून कांडी काढतात. त्या टाकीत उणे १९६ अंशांवरचं द्रवरूप नत्र असतं, त्यात वळूचं रेत वर्षानुवर्षं टिकतं. वळू मेला तरी त्याची वासरं होत राहतात. हे तंत्र आपल्या गावात इतकं रुळलंय की त्यात कुणाला चमत्कार वाटत नाही. पण नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांसाठी जगभर जी ‘गोठवलेली प्राणिसंग्रहालयं’ आहेत, ती याच टाकीवर चालतात.

क्लोनिंगमध्ये नर-मादीचं मीलन नाहीच. एका जनावराच्या साध्या पेशीतलं केंद्रक काढायचं, दुसरीच्या बीजांडातलं केंद्रक काढून त्या जागी हे बसवायचं, आणि तो गर्भ तिसरीच्या पोटात वाढवायचा. जन्मणारं पिल्लू पहिलीची हुबेहूब प्रत. हरियाणात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत २००९ मध्ये गरिमा नावाची रेडी अशीच जन्मली. तिच्याआधीचं पारडू काही दिवसांतच मेलं होतं.

नामशेष प्राण्याचं क्लोनिंग आजवर एकदाच जन्मापर्यंत पोचलं. स्पेनच्या डोंगरातली बुकार्डो ही रानशेळी. सेलिया नावाची शेवटची मादी जानेवारी २००० मध्ये झाड अंगावर पडून मेली. त्याआधी तिच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या. २००३ मध्ये एका शेळीच्या पोटी तिची प्रत जन्मली आणि फुप्फुसातल्या दोषामुळं काही मिनिटांतच गेली. म्हणून बुकार्डो ही दोनदा नामशेष झालेली एकमेव जात म्हणतात. आणि समजा जगली असती, तरी पुढं काय? सगळ्या पेशी त्या एकाच मादीच्या. बोकड कुठून आणणार होते?

क्लोनिंग खरं उपयोगी पडलंय ते जिवंत जातींना. अमेरिकेतल्या काळ्या पायाच्या फेरेटची (मुंगसासारखा प्राणी) आजची सगळी प्रजा सात जिवांपासून वाढली, त्यामुळं सगळी एकमेकांची भावंडं. १९८८ मध्ये गोठवलेल्या एका आठव्या मादीच्या पेशींतून २०२० मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन जन्मली. हे मात्र पटतं. सोयरीक जुळेना म्हणून लांबचं स्थळ शोधण्यासारखं.

डायनासोर येतील का?

नाही. डीएनए सडतो. अगदी बर्फात गोठून सापडलेला सर्वांत जुना डीएनए वीस लाख वर्षांचा आहे, डायनासोर गेले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. मुलं फार हिरमुसतात, पण काय करणार.

गावाबाहेर गिधाडं बसायची, ती कुठं गेली?

साठीच्या पुढच्या माणसांचा हा प्रश्न, आणि तो विचारताना त्यांचा आवाज जरा बदलतो. मीही ती पाहिलीत. मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात आभाळात घिरट्या सुरू. दुसऱ्या दिवशी हाडंच. लहानपणी आम्हाला त्यांची किळस वाटायची. आता ती नाहीत आणि त्या जागी कुत्री आहेत.

डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं, सुजेवरचं औषध. माणसाला चालतं, गाईलाही चालतं. पण इंजेक्शन दिलेली गाय दोन-चार दिवसांत मेली आणि गिधाडानं खाल्ली तर त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. पोट फाडून पाहिलं तर आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर. हे २००४ साली सिद्ध झालं. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घसरली होती. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, वयात यायला चार-पाच वर्षं घेतं. शंभर मढ्यांतलं एखादं विषारी असलं तरी पुरे, कारण एका मढ्यावर पन्नास-साठ गिधाडं बसतात.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद झालं. लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या वापरू लागले, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलीपुरत्या केल्या. २०२३ मध्ये अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन जनावरांसाठी बंद झाली. अ‍ॅसिक्लोफेनॅक गाईच्या पोटात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होतं. मेलॉक्झिकॅम गिधाडाला सुरक्षित आहे आणि महागही नाही. बंदी येऊन बरीच वर्षं झाल्यावरही एका दुकानदारानं म्हशीसाठी म्हणून माझ्या हातात तेच जुनं औषध ठेवलं होतं. मी मेलॉक्झिकॅम मागितलं तर म्हणाला, ‘त्यानं गुण लवकर येत नाही.’ म्हशीला दोन दिवसांत बरं वाटलं.

हरियाणात पिंजोरला गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे, तिथली पिल्लं रानात सोडतात. कर्नाटकात रामनगरच्या रामदेवरबेट्टावर २०१२ पासून गिधाडांचं अभयारण्य आहे. पण प्रजनन हा सोपा भाग. विषारी मढं मिळणार असेल तर कितीही सोडा. २०२४ मध्ये आलेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानं हिशेब मांडला: २००० ते २००५ या पाच वर्षांत गिधाडं गेल्यामुळं, म्हणजे सडलेली मढी, घाण झालेलं पाणी आणि वाढलेली कुत्री यांमुळं, भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली.

खानापूरच्या जंगलात जगात कुठंच नाही असा प्राणी आहे म्हणे, खरं का?

जवळजवळ खरं. भीमगड अभयारण्यात तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तिथं राहतं रॉटनचं वटवाघूळ. १९१२ मध्ये सर्वेक्षणात तिथून नमुने घेतले, १९१३ मध्ये लंडनच्या ऑल्डफिल्ड थॉमस यांनी त्याला नाव दिलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं जगात त्याचा हा एकच पत्ता माहीत होता: मुक्काम बारापेडे, तालुका खानापूर. पुढं मेघालयात आणि कंबोडियात थोडी सापडली. वन्यजीव कायद्यात त्याला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलंय.

भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला डिसेंबर २०११ मध्ये, सुमारे १९० चौरस किलोमीटर. शिवकालीन किल्ला, म्हादईचं उगमस्थान, वाघ, गवा, शेकरू, कोळसुंदा हे सगळं आहे. पण माझ्या मते या रानाचा मानकरी हाच, वळचणीला उलटा टांगलेला. वाघ आणखी पन्नास ठिकाणी आहे.

‘गुहेत कसं जायचं?’ हा पुढचा प्रश्न असतोच. जायचं नाही. वनखात्याची परवानगी लागते आणि ते बरंच आहे. चार-दोन बॅटऱ्या, एक ढोल-ताशावाला मोबाईल आणि थोडा धूर एवढ्यावर अशी वसाहत उठून जाऊ शकते. वाघळी वर्षाला एखादंच पिल्लू घालते.

गेला गेला म्हणलेला प्राणी पुन्हा सापडला, असं होतं का?

होतं, आणि त्या गोष्टी मला फार आवडतात. वनपिंगळा घ्या. खानदेशातून १८८४ मध्ये शेवटचा नमुना मिळाला. पुढं मायनर्ट्‌झहागन नावाच्या ब्रिटिश कर्नलनं १९१४ मध्ये गुजरातेत एक मारल्याचं सांगितलं, म्हणून लोक तिथं शोधत राहिले. नंतर कळलं की साहेबानं संग्रहालयातला जुना नमुनाच चोरून, नव्यानं पेंढा भरून आपल्या नावावर खपवला होता. ती खोटी नोंद बाजूला केली आणि १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि सोबतचे दोघे नंदुरबारात शहाद्याजवळ गेले. पिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला. ११३ वर्षं तो तिथंच होता, चुकत होतो आपण.

आपल्या उंबऱ्यावरची दोन उदाहरणं. एक गवताचं आहे, प्राण्याचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१९ मध्ये गेरसप्प्याच्या धबधब्याजवळ हबार्डिया नावाचं गवत मिळालं, पुढं ते तिथं दिसेना, संपलं असं धरलं. ते सापडलं चंदगडच्या बाजूला, तिलारीच्या दरीत, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना. दुसरं आंबोलीचं. हिरण्यकेशीच्या देवळापाशी जिथं नदी उगवते, त्या कुंडात २०२० मध्ये एक नवा मासा नोंदवला, बोटाएवढा, नावही हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. हीच नदी आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरात येते. संकेश्वरात पुलावर उभं राहून पाणी बघा आणि मग उगमाचं कुंड आठवा. मासा तिथंच का उरला, ते वेगळं सांगायला नको.

कृष्णाकाठचा तो मोठा बैल आता दिसत नाही. तोही नामशेष का?

हा प्रश्न अथणी, रायबागकडं येतो आणि रानटी प्राण्यांच्या स्लाइड शोमध्ये तो विचारताना माणसं संकोचतात. संकोचू नका. गोठ्यातली जातही संपते, आणि ती संपली तर तिच्यासाठी कुणी अभयारण्य काढत नाही.

कृष्णाखोरी हा बैल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं सांगली-मिरजेच्या संस्थानिकांनी घडवला. गीर, ओंगोल, कांकरेज आणि इकडची हळ्ळीकर वळणाची जनावरं यांच्या संकरातून. काळ्या चिकट रानात जड नांगर ओढायचा तर धिप्पाड बैल हवा, हा त्यामागचा हिशेब. ट्रॅक्टर आला, हिशेब संपला. गाय दूध बेताचं देते, म्हणून गोठ्यात जर्सी आणि एचएफ या परदेशी गाई आल्या. आता हे वाण अगदी मोजक्या गोठ्यांत उरलंय. गंमत अशी की अमेरिकेतल्या ब्राह्मण गाईच्या घडणीत गीर, कांकरेज, ओंगोलबरोबर या कृष्णाखोऱ्याचंही रक्त आहे. टेक्सासच्या उन्हात ते सुखी आहे, आणि इकडं शोधावं लागतं.

माघात मायाक्काच्या चिंचलीला जा. बैलगाड्यांची रांग लागते, खिलार जोड्या डोळ्यांत भरतात. खिलार टिकला तो शर्यतीमुळं, यात्रेमुळं, हौसेमुळं. जनावराला काम राहिलं नाही तरी मान राहिला, की ते टिकतं. कृष्णाखोऱ्याला मान द्यायला उशीर झाला. अजून कांड्या गोठवता येतात, शुद्ध गाई हुडकता येतात. डायर वुल्फपेक्षा हे कितीतरी स्वस्तात होईल, कारण इथं आई अजून जिवंत आहे.

मुधोळचं कुत्रं कसं वाचलं मग?

राजानं मनावर घेतलं म्हणून. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही शिकारी, लांब पायांची कारवानी कुत्री निवडून वाढवली. मालोजीराजांनी ब्रिटनच्या राजाला भेट दिली आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झालं. पुढं टपाल तिकीट, सैन्यात भरती, मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी प्रजनन केंद्र. नाव झालं की पिल्लाला किंमत येते. तोट्याची बाजूही तीच: किंमत आली की भेसळ येते.

प्राणिसंग्रहालयात ठेवली की वाचली ना?

वाचतातही आणि जातातही. आसामात इवल्या रानडुकराला, पिग्मी हॉगला, १९९६ पासून पिंजऱ्यात वाढवून २००८ पासून गवताळ रानात सोडताहेत, ते नीट चाललंय. पण सगळी अंडी एका टोपलीत ठेवली की काय होतं, ते आपण घरासमोरच पाहिलं. बेळगावजवळच्या भुतरामट्टीच्या राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात नोव्हेंबर २०२५ मध्ये आठवडाभरात सुमारे तीस काळविटं घटसर्पानं मेली. घटसर्प आपल्या शेतकऱ्याला नवा नाही, पावसाळ्याआधी म्हशीला लस टोचतोच आपण. काळवीट राणीबेन्नूरला आणि इतरत्र माळांवर भरपूर आहे, म्हणून जात वाचली. तीच तीस जगातली शेवटची तीस असती तर?

अमेरिकेतला प्रवासी पारवा एके काळी अब्जांनी होता, आभाळ झाकून टाकायचा. शेवटची मार्था १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या पिंजऱ्यात मेली. वर्षानुवर्षं दाणापाणी मिळत होतं. जोडीदार नव्हता.

वाघासाठी आमची गावं का उठवता?

तळेवाडी, गवाळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव या भीमगडच्या रानातल्या गावांत हा प्रश्न टाळून पुढं जाता येत नाही, आणि जाऊही नये. सरकारनं स्वेच्छा स्थलांतरासाठी कुटुंबामागं १५ लाख रुपये देऊ केलेत, तळेवाडीतल्या काही कुटुंबांनी ते स्वीकारलेत. ज्या गावातून पावसाळ्यात आजारी माणसाला काठ्यांवर टांगून रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तिथल्या तरुणांना बाहेर पडावंसं वाटलं तर नवल नाही. म्हाताऱ्यांचं देवस्थान, कुळागर, पुरलेली माणसं तिथंच आहेत.

माझं मत विचारतात म्हणून सांगतो. स्वेच्छा ही तेव्हाच स्वेच्छा, जेव्हा राहायचं ठरवलं तरी पूल मिळतो. पूल अडवून ठेवायचा आणि मग सही घ्यायची, याला मी स्वेच्छा म्हणणार नाही. दुसरीकडं हेही खरं की राधानगरीपासून तिलारी, भीमगड, काळी व्याघ्र प्रकल्प असा रानाचा सलग पट्टा राहिला तरच दांडेलीकडचा वाघ चांदोलीपर्यंत जाऊ शकतो. हत्ती तर २००२ च्या सुमारास विचारल्याशिवायच दोडामार्ग-चंदगडात उतरले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांच्यात मांडवली करायची जबाबदारी गाववाल्यांवर टाकून बाकीचे मोकळे होतात.

माळढोक?

देशात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी, बहुतेक राजस्थानात. कर्नाटकात बळ्ळारीकडं सिरुगुप्प्याला एखाद-दुसरा. नान्नजच्या अभयारण्यात सोलापूरकर वाट बघताहेत. राजस्थानातल्या केंद्रात २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लू झालं. विजेच्या तारा त्याला समोरून दिसत नाहीत, डोळे बाजूला असतात. तारा जमिनीखाली घालायला पैसे लागतात. बाकी सगळं भाषण.

आमच्या माळावर लांडगा अजून आहे का?

आहे. शेवटचा प्रश्न म्हणून हा मी मुद्दाम ठेवलाय, कारण अमेरिकेतल्या लांडग्याची चौकशी करणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ कुणालाच हे माहीत नसतं. सौंदत्ती, अथणीकडचे माळ, पुढं विजापूर, बागलकोट. भारतीय लांडगा हा लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक आणि देशात तीन हजारांच्या आसपासच, म्हणजे वाघाहून कमी. कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला त्याच्यासाठी अभयारण्यही झालंय. बाकी तो राहतो धनगरांच्या दख्खनी मेंढरांच्या मागं मागं, कुणाच्याही नकाशात नसलेल्या पडीक रानात, आणि ते रान कागदावर ‘निरुपयोगी जमीन’ म्हणून नोंदलेलं असतं.

दिसला तर पाठलाग करू नका, बिळात पिल्लं दिसली तर उचलू नका, वनखात्याच्या रेंज ऑफिसला कळवा. मेंढरू मारलं तर भरपाई मिळते, पण पंचनामा लागतो. पंचनाम्याला दोन दिवस थांबायचं तर कळप चाऱ्यासाठी पुढं जायचा असतो, म्हणून पुष्कळ धनगर मागतच नाहीत.

अथणीजवळ एका वाड्यावर मी मोबाईलवर त्या पांढऱ्या पिल्लांचा व्हिडिओ एका म्हाताऱ्या धनगराला दाखवला. त्यानं तो दोनदा बघितला. ‘मेंढरू मारलं तर भरपाई कोण देतंय ह्याची?’ मी म्हणालो, ‘मारत नाही तो मामा. कुंपणात असतोय. मांस आणून घालतात.’

‘मग त्याला लांडगा कशाला म्हणायलाय,’ म्हणाला, आणि मोबाईल परत दिला.